"मॅडम, वर्दीत राहून मी रोज खोटं बोलतो"

सैन्यातले समलिंगी तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा फिरून फिरून एकच प्रश्न येतो: नोकरी सोडू का? अशाच एका जवानाशी झालेलं बोलणं इथे देते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

सुट्टीवर आला की घरचे स्थळांचे फोटो पुढे करायचे. बराकीत बायका-मुलांचे विषय निघाले की हा चमकलेलेच बूट पुन्हा घासत बसायचा.

"मॅडम, मी रोज खोटं बोलतो. वर्दीला शोभतं का हे?"

"पोस्टिंग नेमकी कुठे आहे, आईला सांगता?"

"नाही. सांगायचं नसतं."

"त्याची लाज वाटते?"

तो गप्प झाला. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नाही. त्याची कधीच नाही वाटली."

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे, म्हणजे परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार आपल्याला जास्त छळतो, असं मानणारी. याच्या मनात नियम आणि लाज यांची गाठ बसली होती. न सांगणं ही नोकरीतली खबरदारी होती. 'मी वाईट आहे' हा निकाल मात्र त्याने स्वतःच स्वतःवर दिला होता. नियम त्याच्या हातात नव्हता, निकाल होता. तो बदलायला पुढे कित्येक महिने गेले, पण गाठ त्या दिवशी सैल झाली.

खबरदारी का, तेही सांगते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पण घटनेच्या कलम ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते आणि १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ४६ मध्ये 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही सैन्यात हे चालणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. म्हणून 'कायदा बदलला, आता बिनधास्त सांगून टाक' असा सल्ला मी कुणालाही देत नाही.

युनिटबाहेरचं, खात्रीचं एक माणूस मात्र हवंच. ज्याच्याशी बोलताना शब्द तोलावे लागत नाहीत असं. फोनवर अनोळखी माणसाला चेहरा, युनिट, पोस्टिंग कळू देऊ नका. कुणी धमकावून पैसे मागितले तर एक रुपयाही न देता आधी वकील गाठा. हा आजार नाही, त्यामुळे 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. आणि घरच्यांच्या समाधानासाठी एखाद्या मुलीला अंधारात ठेवून लग्न करू नका. इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. त्यात तिच्या आयुष्याचं मातेरं होतं.

त्या जवानाने पुढच्या सुट्टीत मोठ्या बहिणीला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "आईबाबांचं मी बघते. तू आधी जेव." त्या वर्षी घरात स्थळाचा विषय निघाला नाही. नोकरी त्याने सोडलेली नाही.