भयपट झेपत नाहीत, तर हॉरर कॉमेडी बघावी का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की भयपटांच्या वाटेला तुम्ही जात नाही, चुकून एखादा बघितलाच तर दोन रात्री दिवा लावून झोपता. पण ऑफिसात सगळे ‘स्त्री’ आणि ‘मुंज्या’बद्दल बोलतात आणि घरी सातवीतला मुलगाही मागे लागलाय. तर हे आपल्याला झेपेल का, हा प्रश्न.

झेपेल. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की सोफ्यावर पाय वर घेऊन बसणारा माणूस आहे आणि निव्वळ भयपट मलाही नको असतात. हॉरर कॉमेडी मात्र मी सहसा चुकवत नाही.

सुरुवात ‘झपाटलेला’पासून करा. लहानपणी टीव्हीवर बघितला असेलच, तरी आता मोठेपणी पुन्हा बघा. महेश कोठारेंचा 1993 चा चित्रपट. मूळ कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण लक्ष्मीकांत बेर्डे आले की मूळ कुठलं याच्याशी आपल्याला काय करायचंय! यावेळी गोष्टीतले नियम किती चोख आहेत तेवढं बघा. तात्या विंचू मरताना मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. आता त्याला माणूस व्हायचं असेल तर आपण कोण आहोत हे ज्याला सगळ्यांत आधी सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरावं लागणार. आणि सांगून बसलाय कुणाला, तर लक्ष्याला! शिवाय बाहुल्याला मारायचं तर गोळी बरोबर दोन भुवयांच्या मध्येच बसायला हवी. एवढं एकदा ठरलं की पुढचा सगळा गोंधळ आपोआप होत जातो. लक्ष्याला आधीच बोलक्या बाहुल्यांचा नाद, त्यामुळे हा बाहुला खरंच बोलतोय हे तो सांगणार कुणाला आणि पटणार कुणाला? दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्यांचा बाहुला, दोघंही गंमत करतोय असं जराही दाखवत नाहीत. बाहुला खुन्नसनेच बघतो. हसू येतं ते लक्ष्याच्या तारांबळीचं.

माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाला या प्रकारातलं एवढंच कळलंय. भुताला काहीतरी कायदा हवा, तो भुताने गंभीरपणे पाळायला हवा आणि मग माणसांनी त्या कायद्यातून पळवाटा काढायला हव्यात. जिथे हे जमलंय तो चित्रपट रंगतो. जिथे भूतच विनोद करत सुटतं, तिथे अर्ध्या तासात मी फोन हातात घेतो.

आणि कायद्याने चालणारी भुतं आपल्याला नवीन नाहीत. मुंज झाली, पण सोडमुंज (मुंजीचं व्रत संपवण्याचा विधी) होण्याआधी मेला, तो मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. हडळीचे पाय उलटे. चकवा लागला की माणूस रात्रभर चालूनही त्याच जागी येतो. देवचार गावाची वेस राखतो आणि त्याचा मान त्याला द्यावाच लागतो. कुठलं भूत कुठल्या झाडावर, कुणाला धरतं, काय दिलं की सोडतं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. भीतीला हसणंही आपल्याकडे जुनंच. कोकणात शिमग्याला संकासूर येतो, काळा अंगरखा, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो मागे लागला की किंचाळत पळतात आणि दूर जाऊन पुन्हा चिडवतात. ज्याने हे लहानपणी केलंय त्याला हॉरर कॉमेडी वेगळी शिकवावी लागत नाही.

म्हणून दुसरा ‘मुंज्या’. हिंदी आहे, 2024 चा, पण दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि घर अगदी आपलं. पुण्यातला भित्रा बिट्टू, पार्लर चालवणारी आई (मोना सिंग), आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, आणि कोकणातल्या गावाचं नाव चेटूकवाडी. पोरगा मेला पण हट्ट मेला नाही, असा तो मुंज्या. त्याला मुन्नीशी लग्न करायचंय, म्हणजे करायचंयच. संगणकावर बनवलेला तो प्राणी मला पहिल्यांदा दिसला तेव्हा जरा कार्टूनसारखा वाटला, पण थोड्या वेळाने सवय झाली. एक सावधगिरीची सूचना मात्र देतो. सुरुवातीचा जंगलातल्या झाडाखालचा प्रसंग खरोखर भीतीदायक आहे, त्यात विनोद नाही. तो पार केलात की पुढे श्वास घ्यायला भरपूर जागा आहे. कोकणातला भाग मला उत्तरार्धातल्या धावपळीपेक्षा कितीतरी जास्त आवडला. याच दिग्दर्शकाचा मराठी ‘झोंबिवली’ (2022) डोंबिवलीत घडतो. तिथे झोंब्यांइतकंच टॉवरवाले आणि झोपडपट्टीवाले यांच्यातल्या दरीबद्दल बोलणं चालतं. लोकल आणि सोसायटीची मीटिंग ज्यांनी सोसलीये त्यांनी तो जरूर बघावा.

‘स्त्री’ (2018) तिसऱ्या नंबरवर ठेवतो, पण तुमच्या ऑफिसात चर्चा त्याचीच असेल तर आधी बघितलात तरी बिघडत नाही. गाव मध्य प्रदेशातलं चंदेरी. पूजेच्या चार रात्रींत ‘स्त्री’ नावाची हडळ येते, पुरुषाला नावाने हाक मारते, वळून बघितलं की संपलं, मागे फक्त कपडे. उपाय काय, तर भिंतीवर लिहून ठेवायचं, ‘ओ स्त्री कल आना’. नव्वदच्या दशकात बंगळूरमध्ये दारांवर कन्नडमध्ये ‘नाळे बा’ (उद्या ये) लिहायचे, तिथून ही कल्पना आली. चित्रपटातली स्त्री ते वाचते आणि खरंच निघून जाते. म्हणजे भूत साक्षर आहे, शब्दाला जागणारं आहे. आणि गावातल्या पुरुषांना आता घरातून सांगितलं जातं, अंधार पडायच्या आत परत या, एकटे फिरू नका. हे वाक्य आपल्याकडे मुलींनी जन्मभर ऐकलेलं असतं, त्यामुळे बायका जास्त जोरात हसतात. आमच्या घरात तर हमखास. त्यात राजकुमार रावचा लेडीज टेलर विकी आणि पंकज त्रिपाठींचा सर्वज्ञ रुद्र. या माणसाने नुसतं पुस्तक उघडलं तरी मला हसू येतं. ‘स्त्री 2’ प्रचंड चालला, पण त्यात दणदणाट जास्त आणि तो छोट्या गावाचा जीव कमी, असं माझं मत. शिवाय या निर्मात्यांनी आता सगळे चित्रपट एकमेकांत गुंफलेत. शेवटी नावं सरकत असताना कोण येऊन जातं, कोण कुणाचा कोण, याचा हिशेब थिएटरात लोक मांडत बसतात. तुम्ही तो गृहपाठ करू नका. प्रत्येक चित्रपट एकटा बघितला तरी कळतो.

इंग्रजीतला एकच सांगतो, कारण नियमाची गंमत तिथे कळसाला पोहोचते. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (2014), न्यूझीलंडचा. वेलिंग्टनमध्ये काही व्हँपायर एका घरात भाडेकरूंसारखे राहतात आणि भांडी कुणी घासायची यावरून भांडतात. व्हँपायरला कुणी आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा जुना युरोपी संकेत. तर हे लोक नटूनथटून क्लबच्या दारात उभे आणि दारावरच्या माणसाची मिनतवारी करतायत की आम्हाला ‘आत या’ म्हण! रक्त थोडं दिसतं, पण भीती जवळपास नाहीच. पुण्यामुंबईत चार बॅचलरांत जो राहिलाय त्याला जास्तच भिडेल.

आता तुमच्या भीतीबद्दल. दचकवणारा प्रसंग बहुतेक वेळा कानाने दचकवतो. आधी संगीत थांबतं, पात्र एकटं असतं, कॅमेरा नको तितका वेळ एका जागी रेंगाळतो आणि मग मोठा आवाज. हॉरर कॉमेडीतही बांधणी अशीच असते. फरक इतकाच की कधी शेवटी भूत येतं, कधी मांजर, कधी मित्र ‘काय रे, काय करतोयस’ म्हणत येतो. श्वास रोखलेला असतो तो हसण्यातून सुटतो, म्हणून साध्या विनोदालाही थिएटरात एवढा मोठा हशा मिळतो. यावर माझा सरळ उपाय म्हणजे रिमोट हातात ठेवायचा आणि संगीत थांबलं की आवाज कमी करायचा. निम्मी भीती तिथेच जाते. सबटायटल लावलेली असली की संवाद चुकत नाहीत. पहिल्यांदा दिवसा बघा, आणि एकट्याने नको. हा प्रकार चार माणसांत बघायचा आहे. एकट्याने बघितला की विनोद अर्धा होतो आणि भीती दुप्पट.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगून ठेवतो. या प्रकारात आळशी लेखकांची फार सोय झाली आहे. भूत घाबरवत नाही अशी तक्रार केली तर म्हणतात कॉमेडी आहे, हसू आलं नाही म्हटलं तर म्हणतात हॉरर आहे. मग जागा भरायला द्व्यर्थी संवाद आणि कुणाच्या तरी जाडेपणावरचे विनोद येतात. ट्रेलरमध्येच असे तीन-चार दिसले तर मी तिकिटाचे पैसे वाचवतो.

मुलाबरोबर काय बघायचं? ‘गो गोवा गॉन’ची शिफारस तुम्हाला कुणी ना कुणी करेलच. सैफ अली खान रशियन डॉन असल्याचं सोंग करतो तो मजेदार आहे, पण चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र आहे आणि गोष्ट अमली पदार्थांच्या पार्टीवर उभी आहे. तो मुलगा झोपल्यावर. ‘स्त्री’तले काही विनोद मोठ्यांचे आहेत, त्यामुळे आधी तुम्ही दोघं बघा आणि मग ठरवा. ‘मुंज्या’ चालेल, फक्त ते पहिलं झाडाखालचं प्रकरण सुरू असताना शेजारी बसा. ‘झपाटलेला’ बिनधास्त दाखवा. फक्त घरात डोळे मिटणारी-उघडणारी एखादी मोठी बाहुली शोकेसमध्ये असेल, तर ती आधी माळ्यावर टाका. आमच्याकडे ती अजून तिथेच आहे.