बाळाच्या तीन शस्त्रक्रिया आणि एक राजीनामा

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा आकड्यांच्या मधल्या ओळींसाठी. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बाळ सात आठवड्यांचं आहे. जन्मतः गुदद्वार बंद होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी पोटावर वाट काढून (कोलोस्टॉमी) पिशवी लावावी लागली. चौथ्या महिन्यात नवी वाट तयार करण्याची शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी पोटावरची वाट बंद करण्याची. पतींचं म्हणणं असं की तुम्ही आत्ताच राजीनामा द्यावा, निवृत्ती निधी काढून घराचं सोडून बाकी कर्जं फेडावीत आणि उरलेल्या पैशांत दोन वर्षं घर चालवावं. तुम्हाला ते पटतही आहे आणि भीतीही वाटते आहे.

तुमच्या रकमा उघड करत नाही. महिन्याचा घरखर्च 100 धरू आणि बाकी सगळं त्या मापाने मांडू. पतींचा पगार 95, तुमचा 70. घराचा हप्ता 30. पिशव्या, त्वचेची मलमं, तपासण्या मिळून 12. रुग्णालयासाठी घेतलेलं वैयक्तिक कर्ज 400, व्याज 14 टक्के, मुदत तीन वर्षं, म्हणजे हप्ता साधारण 14. क्रेडिट कार्डावर 90. मुदत ठेव 350. तुमचा निवृत्ती निधी 900. आणि दीर 300 बिनव्याजी द्यायला तयार आहेत.

आधी पतींची योजना. 900 मधून दोन्ही कर्जांचे 490 गेले की 410 उरतात. एका पगारात महिन्याला 95 येणार आणि घरखर्च, घराचा हप्ता, पिशव्या-तपासण्या मिळून 142 जाणार, तूट 47. म्हणजे ते 410 पावणेनऊ महिन्यांत संपतात. दोन वर्षं नाही, पावणेनऊ महिने. त्यात पुढच्या दोन शस्त्रक्रियांचा विम्याबाहेरचा तुमचा वाटा धरलेला नाही, आणि निधी मुदतीआधी काढल्यावर काही कर किंवा कपात असेल तर तीही नाही. मुदत ठेव मोडून आणखी सात महिने निघतील, पण मग घरात काहीच शिल्लक नाही. आता ते पावणेनऊ महिने दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. बाळ तेव्हा जेमतेम अकरा महिन्यांचं असेल, पिशवी निघून गेलेली असेल, अवघड काळ बहुधा मागे पडलेला असेल. नेमके तेव्हाच पैसे संपलेले असतील आणि नोकरीही नसेल.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. तुमच्या बाळाची गरज सलग दोन वर्षांची नाही, ती टप्प्याटप्प्याने येणार आहे, आणि ते टप्पे बऱ्यापैकी आधी कळलेले आहेत. हा दोष फार विरळाही नाही, साधारण 5000 जन्मांमागे एका बाळात आढळतो, त्यामुळे तीन टप्प्यांचा हा मार्ग सर्जनच्या सरावाचा आहे. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या गरजेसाठी परत न फिरवता येणारे दोन निर्णय, राजीनामा आणि निधी मोडणं, एकदम कशाला घ्यायचे?

आता ते टप्पे नीट बघू, कारण रजेचं गणित त्यावरच उभं आहे. सध्याचा पिशवीचा काळ तुम्हाला सगळ्यात कठीण वाटतो आहे, आणि ते स्वाभाविक आहे. पण पिशवी रिकामी करणं, दर एक-दोन दिवसांनी बदलणं, भोवतालची त्वचा कोरडी ठेवणं हे शिकता येण्यासारखं काम आहे. सासूबाईंना पिशवीची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. रुग्णालयातल्या नर्सकडून त्यांना समोर बसवून दोनदा करून घ्या, शक्यतो तुम्ही खोलीत नसताना. (सुनेसमोर चुकायला कोणालाच आवडत नाही.)

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी नव्या वाटेचं डायलेशन सुरू होतं, म्हणजे ती आकसू नये म्हणून हळूहळू रुंद करणं. धातूची गुळगुळीत सळई, दिवसातून दोन वेळा, आणि दर आठवड्याला थोडी जाड. सुरुवातीला एकाने पाय धरायचे आणि दुसऱ्याने सळई, म्हणजे दोन माणसं लागतात. बाळ रडतं, आईबाप त्याहून जास्त. पण पैशांच्या बाजूने यात एक सोय आहे. हे काम सकाळ-संध्याकाळचं आहे, दिवसभराचं नाही, म्हणजे ऑफिसच्या वेळेबाहेर बसतं. पहिले काही दिवस मात्र दोघांनीही घरी हवं आणि दोघांनाही ते यायला हवं. एकाच्याच गळ्यात हे काम पडलं की महिन्याभरात घरात भांडण ठरलेलं.

आणि तिसरी शस्त्रक्रिया. लोकांना वाटतं की पोटावरची वाट बंद झाली, म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात पुढचे काही आठवडे दिवसरात्रीचे जातात. नव्या वाटेभोवतीच्या त्वचेला शीची सवयच नसते, आणि सुरुवातीला बाळ दिवसातून खूप वेळा शी करतं. लाल, सोललेली त्वचा, प्रत्येक वेळी धुणं, टिपणं, झिंकच्या मलमाचा जाड थर. डायलेशनही चालूच असतं. तुमची खरी गरज बाळाला इथे आहे. आत्ता राजीनामा द्यायची घाई झाली आहे, पण सगळ्यात मोलाची रजा या आठवड्यांसाठी राखून ठेवायची आहे.

तुमची पगारी प्रसूती रजा अजून दहा आठवडे आहे, म्हणजे ती दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या तोंडाशी संपते. तिथून सलग चार महिने बिनपगारी रजा घेतली, तर महिन्याची तूट 61 (आधीचे 47 आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता 14) आणि एकूण 244. दोन तुकड्यांत घेतली, दुसऱ्या शस्त्रक्रियेला पाच आठवडे आणि तिसरीला आठ, तर साधारण 183. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो, पण कंपनी दोन तुकडे देईलच असं नाही. लेखी अर्जात आजाराचं नाव आणि सर्जनचं वेळापत्रक जोडा. तारखा दिसल्या की मनुष्यबळ विभागाला हो म्हणणं सोपं जातं, 'घरची अडचण' म्हटलं की नाही म्हणणं सोपं जातं. पतींच्या 18 दिवसांच्या पगारी रजेतले निम्मे दिवस डायलेशनच्या सुरुवातीला आणि निम्मे तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर लावा. त्यांनी आत्ता एकही दिवस खर्च करू नये.

कर्जांचं बोलू. कार्डाचे 90 उद्याच ठेवीतून फेडा. महिन्याला 3 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांहून जास्त, त्यापुढे कोणतीही ठेव उभी राहत नाही. ठेवीत 260 उरतील, आणि वरच्या दोन्ही रजा त्यात मावतात, सलग चार महिन्यांची मात्र जेमतेम. वैयक्तिक कर्ज तसंच चालू द्या. तीन वर्षांत त्यावर एकूण 92 व्याज जाईल, ते टोचतं, मान्य. दिरांच्या 300 मधून त्याचा तेवढा भाग फेडला तर तीन वर्षांत सुमारे 69 वाचतात, आणि एरवी मी तेच सांगितलं असतं. पण कर्ज फेडून टाकलेला पैसा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी परत मागता येत नाही. दिरांना सांगा, रक्कम सध्या तुमच्याच खात्यात राहू द्या, शस्त्रक्रियांच्या वेळी लागेल तेवढीच घेऊ. घेतली की रक्कम आणि परतफेडीची मुदत एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. भावाभावांत कागद कशाला, असं पती म्हणतील. म्हणू द्या.

आता राजीनाम्यातली सगळ्यात महाग गोष्ट, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. बाळ तुमच्या नोकरीच्या समूह विम्यात आहे. राजीनाम्याबरोबर तो विमा जातो. नवी वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलात तर हा आधीपासूनचा आजार ठरू शकतो, प्रतीक्षा कालावधी लागू शकतो किंवा अर्जच नाकारला जाऊ शकतो, आणि तेही दोन शस्त्रक्रिया बाकी असताना. पतींच्या नोकरीत बाळाला घेता येतं का, ते आधी लेखी विचारा. ते उत्तर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा विषयही नको.

विम्याबाबत आणखी एक. बाळाचं नाव पॉलिसीत खरोखर चढलं आहे का ते तपासा. नवजात बाळाची नोंद ठरावीक दिवसांच्या आत करावी लागते आणि या धावपळीत ती हमखास राहते. गेल्या वेळी अतिदक्षता कक्षातल्या मुक्कामाने विमा रकमेचा मोठा भाग खाल्ला. पुढच्या शस्त्रक्रिया ठरवून होणार आहेत, मुक्काम सहसा कमी असतो, पण अंदाजपत्रक मागून पूर्वमंजुरी आधीच घ्या. पॉलिसीचं नूतनीकरण बाळाच्या पाचव्या महिन्यात आहे असं दिसतं. सर्जननी दुसरी शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढे ढकलायची सूट दिली, तर नव्या वर्षाची पूर्ण रक्कम मिळते. मात्र हा प्रश्न एकदाच विचारायचा, आणि उत्तर 'थांबू नका' आलं तर पुन्हा काढायचा नाही.

निवृत्ती निधीबद्दल फार बोलत नाही. 8 टक्के वाढ धरली तर 25 वर्षांत आजचे 900 सुमारे 6,160 होतात. महागाई त्यातलं बरंच खाईल, तरी तो तुमच्या म्हातारपणाचा पैसा आहे आणि घरातल्या इतर सगळ्या वाटा बंद झाल्यावरच त्याला हात लावायचा. दोघांचा मुदतीचा आयुर्विमा नसेल तर तो याच महिन्यात घ्या.

माझं मत कशाने बदलेल तेही सांगते. या दोषाबरोबर हृदय, मूत्रपिंड किंवा मणक्यातही काही असू शकतं. त्या तपासण्या झाल्या का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. मूत्रपिंडाचा त्रास निघाला, वारंवार दाखल करावं लागलं, किंवा कंपनीने बिनपगारी रजा साफ नाकारली, तर नोकरी सोडण्याचा विचार योग्य ठरू शकतो. पण तेव्हाही आधी खर्च कमी करायचा, घराच्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता उतरवायचा, आणि निधी शेवटी.

आणि तुम्ही पत्राच्या तळाशी लिहिलेली ओळ, 'पैशांसाठी बाळाला टाकून गेले असं वाटेल'. तुमच्या पगारामुळे बाळाचा विमा चालू आहे, घराचा हप्ता जातो आहे. तरीही तुम्हाला घरी राहायचंच असेल, बाळासाठी नव्हे तर स्वतःसाठी, तर ती इच्छा पूर्ण वैध आहे. फक्त तो निर्णय तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी घ्या, झोप थोडी पूर्ववत झाल्यावर, आणि तो घेताना पतींनीही आपल्या नोकरीचा पर्याय टेबलावर ठेवावा. त्यांचा पगार 95 आहे म्हणून तो विषयच निघत नाही, हे मला खटकलं.

रजेच्या अर्जाला उत्तर आलं आणि पतींच्या कंपनीकडून विम्याचं लेखी कळलं की दोन्ही कागद मला पाठवा. 183 की 244, ते तेव्हा नक्की करू.