काटा वर चढला की… : गाडी तापण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मार्च सरला की माझ्याकडे एकाच दुखण्याची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्या दोघांना सविस्तर लिहिलंय, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

चाळीसगावहून एक वाचक: आमची पेट्रोल कार गावात आणि धुळे रस्त्याला अगदी ठीक चालते. पण मे महिन्यात पाच माणसं बसवून, एसी लावून कन्नड घाट चढायला लागलो की अर्ध्यावर तापमानाचा काटा वर सरकतो. उन्हामुळेच ना?

ऊन हे निमित्त आहे. दुखणं गाडीत आधीपासून असतं, घाट आणि मे महिना मिळून ते उघडं पाडतात.

हिशोब बघा. इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बहुतेक रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. रेडिएटरमधलं पाणी 95 अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या पहाटे बाहेर 15 अंश असतात, म्हणजे फरक 80 चा. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा फरक उरतो 50 चा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढ्याच वाऱ्यावर, जानेवारीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपास काम करतो. गाडी बनवणारे हे धरूनच रेडिएटर थोडा मोठा देतात. पण ती शिल्लक आपण धुळीत घालवतो.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असते. समोरून पाहिलं तर ती स्वच्छ दिसते. खरा कचरा असतो दोघांच्या मधल्या फटीत: कापसाचा तुसा, शेतरस्त्याची माती, रात्रीच्या प्रवासातले किडे. जिनिंगच्या दिवसांनंतर आलेल्या गाड्यांमधून मी या फटीतून अक्षरशः गादीसारखा थर काढलेला आहे. साध्या नळाच्या धारेने इंजिनाच्या बाजूकडून पुढे असं धुवून घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो. समोर लावलेले जादा दिवे आणि मोठा गार्डही काढून ठेवा.

घाटात वेग कमी, म्हणून समोरून वारा नाही. सगळा भार पंख्यावर. त्यात एसी चालू असला की कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवरच येते. शिवाय बरेच जण वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असतानाही गाडी ओढत राहतात. एक गिअर खाली घ्या. इंजिन मोकळं फिरलं की पाण्याचा पंपही जोरात फिरतो. काटा मधल्या रेषेच्या वर दिसला की एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण गरमवर. घामाघूम व्हाल, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. एवढं करूनही काटा चढतच राहिला, तर रुंद जागा पाहून थांबा.

रावेर तालुक्यातून: जुनी डिझेल जीप आहे. केळीच्या बागेत जाण्या-येण्यासाठी वापरतो. रोज सकाळी रेडिएटरमध्ये बोअरचं तांब्याभर पाणी टाकावं लागतं. कुलंट (रेडिएटरमध्ये घालायचा तयार द्रव) महाग पडतो. पाण्याने काय बिघडतं?

दादा, आधी त्या तांब्याभर पाण्याबद्दल. हे पाणी जातं कुठे? गाडीची ही व्यवस्था बंद असते, तिला रोज पाणी लागायला नको. जीप उभी असते तिथे खाली कोरडा पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. डाग पडला तर होज पाइप, क्लिप, रेडिएटरचा तळ किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) गळतेय. डाग नाही, तरी पाणी कमी, तर ते इंजिनाच्या आत जळतंय किंवा झाकणातून उडतंय. हे शोधल्याशिवाय भारीतला कुलंट टाकणंही व्यर्थ आहे.

आता पाण्याचं. खरं सांगायचं तर उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कुलंटपेक्षा सरस आहे. अडचण दुसरीकडे आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, आतल्या वाटांत बसतो. नळ्या हळूहळू बुजतात, धातू आणि पाण्यामध्ये पडदा तयार होतो, आणि आत गंज वेगळाच. कुलंटमधली रसायनं हा गंज थांबवतात.

दुसरं म्हणजे उकळण्याचं. पाणी 100 अंशांना उकळतं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं केलं की ते साधारण 106-107 अंशांपर्यंत जातं, आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की 120 च्याही पुढे. कुकरचंच तत्त्व आहे. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल झाली, तर चांगली गाडीही उकळते. इंजिन उघडण्याच्या गोष्टी करण्याआधी झाकण बदलून पाहा, ते स्वस्तातलं काम आहे.

रंग पाहून कुलंट भरू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला आहे तोच घ्या. आणि काढलेला जुना कुलंट गोठ्याजवळ उघडा ठेवू नका. चवीला गोड आणि जहाल विष असतं ते. कुत्री, शेळ्या तोंड घालतात.

धुळ्याहून: मिस्त्रीने थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला आणि पंखा डायरेक्ट (कायम चालू राहील असा) करून दिला. आता गाडी तापत नाही. हे असंच चालू ठेवू का?

नको. हा उपाय आपल्याकडे फार चालतो आणि मला मनापासून दुःख होतं, कारण गिऱ्हाइकाला गाडी बरी झाल्यासारखी वाटते. हा वॉल म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो साधारण 82 ते 95 अंशांच्या दरम्यान उघडतो, गाडीगणिक फरक असतो. तो नसला की इंजिन कायम थंड राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून गरम झालंच नाही, म्हणून तो जादा पेट्रोल देत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, झीज वाढते. काही इंजिनांत वॉल नसला की निम्मं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. नवा वॉल बसवा. पंख्याचा रिले, सेन्सर, फ्यूज यातला कोणता गेला ते तपासून तोच बदला.

भुसावळहून एक ताई: रोज एकटी जळगावला गाडीने जाते. माझ्या गाडीत काटाच नाही, फक्त दिवा आहे. तो लागला तर नेमकं काय करू?

निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, काळजी नाही. लाल लागला तर मात्र गाडी लगेच, जपून, रस्त्याच्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "काही व्हत नही, घर जवळच शे" हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलंय. त्यांतले बरेच जण नंतर माझ्याकडे वाकलेलं हेड घेऊन आले. शेवटच्या त्या चार किलोमीटरांत इंजिन जातं.

बोनेट उघडायला घाई नको. वाफ दिसत असेल तर ती ओसरू द्या. किल्ली काढली तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि ओढणी लांब ठेवा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. शिकाऊ असताना मी घाई केली होती. उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत आलं, आणि मेपासून पोळ्यापर्यंत हात बांधून बसलो. म्हणून हे पुन्हा पुन्हा लिहितो.

तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. सगळं निवलं की झाकणावर जाड कापड ठेवून आधी थोडं फिरवा, दाब जाऊ द्या, मग उघडा. अडचणीत पिण्याचं बाटलीतलं पाणीही चालेल, नंतर काढून कुलंट भरून घ्या. टाकलेलं पाणी तिथल्या तिथे गळायला लागलं तर गाडी टोइंगनेच न्या.

काटा असलेल्यांसाठी एक गोष्ट जोडतो. चढलेला काटा एकदम खाली पडला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर समाधान मानू नका. पाणी संपलेलं असू शकतं. सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं बोलतो.

अमळनेरहून: एकदा गाडी उकळली. आता सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं.

हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची सील करणारी पातळ पट्टी, गेली आहे, गाडी आता सुरूच करू नका. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की बेअरिंगही जातात. हेड उतरवलं की फक्त गॅसकेट बदलून देऊ नका म्हणून सांगा. सरळपट्टी लावून हेड वाकलंय का आणि त्याला तडा आहे का, हे तुमच्यासमोर तपासायला लावा. वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावा लागेल. आणि गाडी पहिल्यांदा उकळली कशामुळे, ते कारण सापडल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नका.