नाटक आधीचं, नोटीस मात्र वेबसिरीजची

प्रश्न: आमची साताऱ्याकडची हौशी नाट्यसंस्था आहे. विहिरीच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन भावांवरचं आमचं नाटक २०१८ साली राज्य नाट्य स्पर्धेत झालं, तेव्हापासून गावोगाव प्रयोग होतात. आता त्याच नावाची हिंदी वेबसिरीज आली आहे, विषय बँक घोटाळा. तिच्या निर्मात्यांची वकिलामार्फत नोटीस आली: नाव आमच्या संघटनेत नोंदवलेलं आहे, त्यावर आमचा कॉपीराइट आणि ट्रेडमार्क आहे, सात दिवसांत नाव बदला आणि २५ लाख भरपाई द्या. यात्रेतला प्रयोग रद्द करावा का? की आम्हीच उलटा दावा ठोकावा?

उत्तर: प्रयोग रद्द करू नका.

नोटिशीतला कॉपीराइटचा मुद्दा तर निव्वळ भीती घालण्यासाठी आहे. 'देसी बॉइज' या नावावरून एका लेखकाने हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांवर फौजदारी तक्रार केली होती. त्याने त्याच नावाचा कथासारांश लेखक संघटनेत नोंदवला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती तक्रार रद्द केली: नुसतं शीर्षक ही स्वतंत्र कृती नाही, त्यावर कॉपीराइट नसतो. संघटनेतली नोंद सभासदांच्या आपसातली. तुम्ही सभासद नाही, तुम्हाला ती लागू नाही. 'सामना' नावाचा चित्रपट आधी आला, त्याच नावाचं दैनिक नंतर, आणि दोन्ही नांदले.

ट्रेडमार्कचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नोटिशीत अर्ज क्रमांक असेल, तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर टाकून बघा. नुसता अर्ज असेल तर तो अजून हक्क नाही. त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला असेल तर चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो. आणि नोंदणी झालेली असली तरी ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आहे: त्यांचा वापर किंवा नोंदणी, यात जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तुम्ही नाव सतत वापरत असाल, तर ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. सगळी भिस्त या 'आधीपासून' आणि 'सतत'वर. म्हणून परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, स्पर्धेची प्रवेशिका, जुनी हँडबिलं, नाट्यगृहाच्या भाड्याच्या पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं तारीखवार लावा. करोनात प्रयोग बंद होते त्याची काळजी नको, कारण सांगता येतं.

आता तुम्ही सोबत जोडलेल्या नव्या पोस्टरबद्दल. त्यावरची अक्षरं वेबसिरीजसारखीच लाल, तिरकी, मधोमध चिरलेली आहेत. खाली बारीक अक्षरात 'सध्या गाजत असलेलं'! तुमच्यातल्या कुणा उत्साही पोराचं हे काम दिसतंय. नाव तुमचं आहे, पण त्यांच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन तिकिटं विकताय असं कोर्टाला वाटलं, तर 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवल्याचा, दावा उभा राहतो. तुमची भक्कम बाजू या एका पोस्टरने लंगडी होते. ते आजच उतरवा, फेसबुकवरूनही, आणि २०१८ चंच पोस्टर वापरा, लेखकाचं आणि संस्थेचं नाव ठळक ठेवून.

उलटा दावा? नावावर कॉपीराइट त्यांचा नाही, तसा तुमचाही नाही. कथा उचलली असती तर गोष्ट वेगळी होती, पण विहीर आणि बँक यांचा काय संबंध! निराधार धमक्यांविरुद्ध दावा करता येतो (ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२, कॉपीराइट कायद्याचं कलम ६०), पण हौशी संस्थेने त्यात पैसा घालावा असं मला वाटत नाही. नोटिशीच्या उत्तरात त्या कलमांचा उल्लेख पुरे.

सात दिवसांची मुदत त्यांनीच ठरवलेली आहे, तरी उत्तर वेळेत द्या, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने. फोनवर बोलू नका, 'नाव बदलायचा विचार करतो' असं तर मुळीच लिहू नका. एकतर्फी मनाई हुकूम येऊ नये म्हणून कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा कोर्टातला अर्ज) दाखल करा, साताऱ्यात आणि मुंबईतही, कारण ते आपल्या कार्यालयाच्या ठिकाणी दावा लावू शकतात. कॅव्हेट ९० दिवसच चालतं, तेव्हा यात्रेची तारीख त्यात बसते ना, हे बघून दाखल करा.