पैसे गेले, नोंद नाही: कौन्सिलच्या फीचा भरणा अडकतो तेव्हा

या वेळी कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातून आलेल्या पत्रांत डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स यांची पत्रं जास्त आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे: कौन्सिलकडे, म्हणजे व्यवसायाची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, नोंदणीच्या नूतनीकरणाची फी भरताना भरणा मध्येच अडकला. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

कौन्सिलची फी यूपीआयने भरली. खात्यातून रक्कम कापल्याचा बँकेचा मेसेज आला, पण पोर्टलवर अजून 'पेंडिंग' दिसतंय. लगेच पुन्हा भरू का? (डॉक्टर, खानापूर तालुका)

लगेच भरू नका. आधी पैसे कुठे थांबलेत ते शोधा. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन पुढे पोचवणाऱ्या मधल्या यंत्रणेकडे जाते, तिथून कौन्सिलच्या बँक खात्यात. पैसे मिळाल्याचा निरोप मात्र वेगळ्या वाटेने पोर्टलला जातो. बँकेचा मेसेज फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतो. कौन्सिलच्या दप्तरी फी जमा झाली की नाही, हे त्यावरून कळत नाही. निम्म्या लोकांची फसगत इथेच होते.

यूपीआय अ‍ॅप उघडून तो व्यवहार पाहा. १२ अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. अ‍ॅपमध्ये 'फेल्ड' असेल तर पैसे परत यायच्या वाटेवर आहेत. 'सक्सेस' असेल तर पैसे पुढे गेलेत, पोर्टलपर्यंत निरोप तेवढा पोचलेला नाही. अशा वेळी पोर्टलवर लॉगिन करून 'व्हेरिफाय पेमेंट' किंवा 'चेक स्टेटस' असं बटण आहे का ते बघा. बऱ्याच पोर्टलवर ते असतं, आणि ते दाबताच पोर्टल गेटवेला पुन्हा विचारून नोंद सुधारतं. अ‍ॅपमध्येही 'पेंडिंग' असेल तर बँकेचा निकाल लागेपर्यंत थांबा.

परतीची मुदत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने व्यापारी खात्याला केलेल्या भरण्यात पैसे कापले गेले आणि समोरच्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेच्या कामाचे नव्हेत. १० तारखेला कापलेले पैसे १५ पर्यंत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता. म्हणजे १९ तारखेला आले तर मुद्दलासोबत ४०० रुपये. ती आपणहून जमा झाली नाही तर बँकेला या परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी मागा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पाच दिवस उलटूनही पैसे परत नाहीत आणि पोर्टलही हलत नाही, तर कौन्सिलला ईमेल करा. त्यात नोंदणी क्रमांक, अर्ज क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर आणि गेटवेचा ऑर्डर क्रमांक द्या. सोबत बँक स्टेटमेंट जोडा, पण ते फक्त पैसे कापल्याच्या दिवसाचं नको. त्यापुढचे सात-आठ दिवस त्यात दिसायला हवेत, कारण हिशेब विभागाचा पहिला प्रश्न असतो, "रक्कम परत तर आली नाही ना?" त्याचं उत्तर पहिल्याच पत्रात गेलं की एक फेरी वाचते. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत लिहा. कौन्सिलच्या बेंगळूरच्या कार्यालयात मराठी पत्र भाषांतरासाठी पडून राहू शकतं.

अपवाद एकच. शेवटची तारीख त्या पाच दिवसांच्या आतच येत असेल तर वाट न बघता दुसऱ्यांदा भरा, आणि तेही दुसऱ्या मार्गाने: आधी यूपीआय वापरलं असेल तर आता नेट बँकिंग. दोनदा भरलेले पैसे मागून परत मिळवता येतात. हुकलेली मुदत जास्त महाग पडते.

भरणा अडकण्याची कारणं साधी असतात. गोल फिरतंय म्हणून 'बॅक' किंवा 'रिफ्रेश' दाबलं जातं. एकच अर्ज दोन टॅबमध्ये उघडा असतो. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ऐन वेळी रेंज जाते. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यास पहिल्या २४ तासांत कमी मर्यादा असते. कधी डेबिट कार्डावर ऑनलाइन व्यवहार सुरूच केलेले नसतात; नवं कार्ड येतं तेव्हा ते बंद असतात आणि बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून सुरू करावे लागतात.

पोर्टलवर कन्नडमध्ये 'पावति विफल' असं आलंय. पैसे गेले, पण पावती निघाली नाही असा याचा अर्थ का? (आयुर्वेदिक वैद्य, अथणी)

नाही, आणि हा गोंधळ सीमाभागात फार होतो. कार्यालयीन कन्नडमध्ये 'पावति' म्हणजे पैसे भरणं, भरणा. आपली पावती म्हणजे त्यांची 'रसीदि'. त्यामुळे 'पावति विफल' म्हणजे भरणाच झाला नाही, 'पावति बाकि' म्हणजे भरणा व्हायचा आहे, 'पावति यशस्वि' म्हणजे झाला. 'मरुपावति' दिसलं तर ती परतफेड. पावती मागाहून काढू म्हणून गप्प बसू नका. तुमची फी भरलेली नाही असं धरून पहिल्या उत्तरातली तपासणी करा.

मेडिकल दुकानाच्या लायसन्सची रिटेन्शन फी शेवटच्या दिवशी भरली. पैसे कापले, चार दिवसांनी परत आले. हे आता लक्षात आलं, मुदत उलटून दोन महिने झाले. लायसन्स गेलं का? (फार्मासिस्ट, निपाणी)

गेलेलं नाही, पण आता एक दिवसही दवडू नका. औषध नियमांत २०१७ साली झालेल्या बदलानंतर विक्रीच्या लायसन्सचं नूतनीकरण होत नाही. दर ५ वर्षांनी रिटेन्शन फी भरली की लायसन्स चालू राहतं. मुदत चुकली तर दर महिन्याला फीच्या २ टक्के विलंब शुल्क, महिना अर्धा असला तरी पुरा धरून. ही सवलत ६ महिने. त्यातही फी भरली नाही तर लायसन्स रद्द झालं असं मानलं जातं, आणि मग नव्याने अर्ज.

फॉर्म २० आणि फॉर्म २१ या किरकोळ औषधविक्रीच्या दोन लायसन्सची फी प्रत्येकी १,५०० रुपये आहे. २ टक्के म्हणजे एका लायसन्समागे महिन्याला ३० रुपये, दोन्हींचे ६०. मुदतीनंतरचा तिसरा महिना लागला असेल तर १८० रुपये विलंब शुल्क, अधिक ३,००० मूळ फी. रक्कम बघून कोणी घाबरणार नाही, आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. पैसे परत आल्याचा मेसेज जाहिरातींच्या मेसेजांत हरवतो, दुकानदार निर्धास्त असतो आणि सहा महिने सरतात. म्हणून भरणा केल्यावर दहा दिवसांनी स्टेटमेंट पुन्हा बघायचं, हे कॅलेंडरवरच लिहून ठेवा.

याला जोडून एक गोष्ट. दुकानाचं लायसन्स औषध नियंत्रण खात्याकडे आणि तुमची स्वतःची फार्मासिस्ट म्हणून नोंद फार्मसी कौन्सिलकडे. फी दोन, कार्यालयं दोन, तारखाही दोन. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३४ नुसार नूतनीकरण शुल्क मुदतीत भरलं नाही तर रजिस्ट्रार नाव नोंदवहीतून काढतात. ठरलेल्या अटी पुऱ्या करून ते पुन्हा चढवता येतं, पण मधल्या काळात औषधं द्यायला नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात नाही असा अर्थ होतो. एका कार्यालयाची पावती दुसरीकडे चालत नाही.

कौन्सिलला पाठवलेला डीडी (डिमांड ड्राफ्ट) परत आला. एकदा 'मुदत संपली' म्हणून, आणि नवा काढून पाठवला तर 'चालणार नाही' म्हणून. डीडी सहकारी बँकेतला आहे. (नर्स, चिकोडी)

डीडी काढल्यापासून ३ महिनेच चालतो. १ एप्रिल २०१२ पासून हा नियम आहे, आधी ६ महिने होते. अर्ज अपुरा म्हणून कार्यालयात पडून राहिला तर डीडी तिथेच शिळा होतो. असा डीडी फाडू नका. मूळ डीडी आणि अर्ज घेऊन काढलेल्या शाखेत जा. तिथे तो पुन्हा वैध करून मिळतो, किंवा रद्द करून रक्कम खात्यात घेता येते. बँक त्याचा आकार लावते.

दुसऱ्या वेळचं कारण परतीच्या पत्रात बघा. सहसा तीनपैकी एक असतं. कौन्सिलच्या सूचनेत राष्ट्रीयीकृत बँकेचा डीडी मागितलेला असतो आणि आपण सहकारी बँकेचा पाठवतो. नाव कमी-जास्त पडतं: 'रजिस्ट्रार' या पदाच्या नावाने हवा असताना नुसतं कौन्सिलचं नाव घातलं जातं. किंवा कुठे वटणार ते ठिकाण चुकतं. सूचनेतलं नाव अक्षरशः उतरवून बँकेच्या फॉर्मवर लिहा, अंदाजाने भाषांतर करू नका. पतसंस्थेत खातं असेल तर तिथून डीडीचा हट्ट धरू नका. छोटी रक्कम रोखीने राष्ट्रीयीकृत बँकेत भरून डीडी काढता येतो. रोखीवर बंधन ५०,००० रुपयांपासून आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर डीडीच्या मागे पेन्सिलीने नोंदणीतलं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. डीडीवर खरेदीदाराचं नाव छापलेलं असतं. ते नवं आणि नोंद जुन्या नावाची असेल तर हिशेबनीसाला जुळवता येत नाही.

पहिला भरणा फसला तेव्हा फी कमी होती. आता पोर्टल वाढलेली फी दाखवतंय. फरक मी का भरायचा? (दंतवैद्य, बेळगाव)

पहिले पैसे कौन्सिलपर्यंत पोचले होते की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. ते मध्येच थांबून तुमच्या खात्यात परत आले असतील, तर कौन्सिलच्या हाती काहीच पडलं नव्हतं आणि जुन्या दराचा दावा टिकणं अवघड आहे. पैसे कौन्सिलच्या खात्यात जमा झाले आणि फक्त नोंद राहिली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. यूटीआर देऊन गेटवेच्या सेटलमेंट अहवालात, म्हणजे त्याने कौन्सिलला पोचवलेल्या पैशांच्या हिशेबात, शोधायला सांगा.

भांडण चालू असताना मात्र नूतनीकरण अडवून ठेवू नका. पूर्ण फी भरा आणि त्याच दिवशी लेखी कळवा की फरकाची रक्कम हक्क राखून भरत आहे. जुना अर्धवट अर्ज पोर्टलवर तसाच असेल तर त्यात जुनी रक्कम अडकलेली असू शकते. तीच भरली तर कमी पडल्याची हरकत निघते. अर्ज रद्द करून नवी भरणा-विनंती काढा. एनईएफटीने भरणार असाल तर १६ अक्षरी यूटीआर आणि अर्ज क्रमांक लगेच ईमेल करा. नाहीतर पैसे पोचतात, पण कोणाचे ते कौन्सिलला कळत नाही.

फी दोनदा गेली, दोन्ही यशस्वी. बँक म्हणते आमचा संबंध नाही. (डॉक्टर, कागवाड) आणि: कोल्हापूरला शिकलो तेव्हाची महाराष्ट्रातली नोंद आहे, चुकून तिथलंच नूतनीकरण भरलं. (डॉक्टर, संकेश्वर)

बँकेचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते दोन्ही पत्रांना लागू होतं. हे फसलेले व्यवहार नाहीत, त्यामुळे पाच दिवसांचा नियम आणि १०० रुपयांची भरपाई इथे लागू नाही. परतफेड कौन्सिलच देणार. अर्जासोबत दोन्ही पावत्या, रद्द केलेला चेक आणि स्टेटमेंट द्या, स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा. पैसे बहुधा ज्या खात्यातून गेले तिथेच परत येतात, म्हणून परतफेड होईपर्यंत ते खातं बंद करू नका. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यातून भरलं असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.

संकेश्वरच्या डॉक्टरांनी परतफेड मागण्याआधी थोडा विचार करावा. महाराष्ट्रातली नोंद चालू ठेवायची असेल तर ते पैसे वाया गेलेले नाहीत. कर्नाटकातल्या नोंदीची फी मात्र वेगळी आणि आजच भरा.

'रिफंड मिळवून देतो' म्हणून फोन आला, यूपीआय पिन टाकायला सांगितला. (नर्स, हुक्केरी)

पिन टाकू नका. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. नेटवर शोधून मिळालेले हेल्पलाइन क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. कौन्सिलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा किंवा प्रमाणपत्रावर छापलेला क्रमांकच वापरा. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि त्याच वेळी बँकेला खातं थांबवायला सांगा.