एप्रिलची शाळा आणि उन्हाचं टेन्शन

अगं, तुझी मुलगी यंदा सहावीत ना, मग उन्हात शाळेला पाठवायची काळजी वाटणारच, 2025 पासून आपल्या गोव्यात सहावी ते दहावीचं नवीन वर्ष एप्रिलमध्येच चालू होतं आणि तेव्हा पालकांनी केवढा आरडाओरडा केला होता. पण आता शाळा आहे म्हणजे पाठवायचीच.

आपल्याकडे नुसता पारा बघून चालत नाही, दमटपणामुळे घाम सुकतच नाही आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून 34 डिग्रीतपण पोरं हैराण होतात. सकाळी चहा-बिस्किटावर धाडू नकोस, वाटीभर पेज मीठ घालून दे, वर लोणच्याची फोड. बाटली घरी परत आली की उचलून बघ, अर्धी भरलेली असली तर समज पोरीने पुरेसं पाणी प्यायलंच नाही, बऱ्याच मुली शाळेचं टॉयलेट नको म्हणून पाणी टाळतात, हे तिला प्रेमाने विचार, ओरडू नको. कोकम सरबत दे पण त्यात चिमूटभर मीठ हवंच. काजूचा नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, मात्र डब्यात नको, काही तासांतच आंबायला लागतो!

बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली तर सावलीत बसवून ओल्या फडक्याने मान, काखा पुसायच्या आणि ओआरएस घोट घोट पाजायचं. असंबद्ध बोलायला लागली किंवा अंग तापून भोवळ आली तर तोंडात काही घालायचं नाही, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि सरळ 108 लावायचा.

आणि हो, पीटीचा तास कितीला आहे ते टीचरला आजच विचार.