शंका-समाधान : रबराची चादर, घड्याळं आणि आइन्स्टाइन

प्रश्न : ताणलेल्या रबराच्या चादरीवर जड गोळा ठेवला की खळगा पडतो आणि शेजारची गोटी त्यात घरंगळते. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण असंच समजावतात. पण चादर खचते तीच मुळी पृथ्वी गोळ्याला खाली ओढते म्हणून. मग गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं की!

उत्तर : शंका रास्त आहे. पण चादरीचा याहून मोठा दोष वेगळाच आहे : तिच्यात काळ नाही. १९१५च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात वक्र होतो तो अवकाश आणि काळ यांचा मिळून झालेला पट. हातातून सुटलेली गोटी खाली येते ती जवळजवळ सर्वस्वी काळाच्या वक्रतेमुळे. चादर दाखवते ती फक्त अवकाशाची वक्रता, आणि गोटीच्या पडण्यात नेमका तिचाच वाटा नगण्य असतो.

आकडे घालून पाहा. एक चेंडू सरळ वर फेका, बरोबर दोन सेकंदांनी हातात परत येईल असा. तो ४.९ मीटर उंच जातो. दुसरा तेवढाच उंच, पण ४० मीटर लांब जाऊन पडेल असा फेका. तोही हवेत दोनच सेकंद राहतो. डोळ्यांना एकाची वाट सरळ दिसते, दुसऱ्याची कमानदार. आता काळसुद्धा लांबीत मोजा : एक सेकंद म्हणजे प्रकाशाचं सेकंदभराचं अंतर, ३ लाख किलोमीटर. दोन्ही वाटा ६ लाख किलोमीटर लांब आणि ४.९ मीटर उंच अशा कमानी होतात. ते ४० मीटर त्यात कुठल्या कुठे हरवतात. कमानीच्या लांबीचा वर्ग करून त्याला उंचीच्या आठपटीनं भागलं की ती कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या मिळते. दोन्ही चेंडूंसाठी ती एकच येते, एका प्रकाशवर्षाहून किंचित कमी. चेंडू जड की हलका, हळू की जोरात, हा प्रश्नच उरत नाही, कारण वाकण चेंडूत नाही, पटात आहे.

प्रश्न : काळ वक्र होतो म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तर : घड्याळ जितकं उंचावर, तितकं ते जलद चालतं. एवढंच. मात्र फरक फार बारीक असतो : एक मीटर उंचीवरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या एक सेकंद पुढे जायला सुमारे २९ कोटी वर्षं लागतील. तरी २०१०मध्ये अमेरिकेत ॲल्युमिनियम-आयनच्या दोन घड्याळांपैकी एक जेमतेम ३३ सेंटीमीटर वर उचलून हा फरक मोजला गेला.

प्रश्न : सापेक्षता धरली नाही तर जीपीएस रोज ११ किलोमीटर चुकेल, असं वाचलं. खरं का?

उत्तर : आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातात, आणि सेकंदाला ३.९ किलोमीटर या वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी ३८. याला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की ११ किलोमीटर. (आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेमकं उलटं होतं. तिथे उंची कमी आणि वेग जास्त, म्हणून घड्याळं दिवसाला सुमारे २५ मायक्रोसेकंद मागे पडतात.)

पण तुमचा फोन उपग्रहाची वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून त्यावर भिस्त ठेवत नाही. तो चार उपग्रह घेऊन चार अज्ञात सोडवतो : तीन जागेचे आणि चौथं स्वतःच्या घड्याळाची चूक. सगळ्या उपग्रहांना सारखीच लागू असलेली चूक त्या चौथ्या अज्ञातात जिरून जाते. उरतं ते इतकंच, की ३८ मायक्रोसेकंदांत उपग्रह स्वतः सुमारे १५ सेंटीमीटर सरकलेला असतो. जागेपेक्षा वेळेचं नुकसान जास्त, कारण जीपीएसवर घड्याळं लावणाऱ्या यंत्रणांना चुकीची वेळ मिळेल.

म्हणूनच उपग्रहाचं घड्याळ जमिनीवरच मुद्दाम किंचित मंद लावतात : त्याची कंपनसंख्या १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. १९७७मध्ये एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडताना ही दुरुस्ती चालू-बंद करता येईल अशी ठेवली होती. सुमारे वीस दिवस ती बंद ठेवून पाहिलं, आणि घड्याळ अपेक्षेच्या एका टक्क्याच्या आत तितकंच पुढे गेलं.

खरी खोट वेगळीकडे लपते. कक्षा अगदी वर्तुळाकार नसते, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही बदलत राहतात. विकेंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती ढळली याचं माप) ०.०१ असेल तर घड्याळ फेरीमध्ये २३ नॅनोसेकंदांपर्यंत (सेकंदाचे अब्जावे भाग) पुढे-मागे होतं, म्हणजे जवळपास ७ मीटर. हे प्रत्येक उपग्रहाचं निराळं असल्यानं चौथ्या अज्ञातात जिरत नाही. ही दुरुस्ती फोनमधल्या चिपलाच करावी लागते.

प्रश्न : १९१९च्या सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजलं. आइन्स्टाइन बरोबर ठरावेत म्हणून त्यांनी आकडे जुळवून घेतले होते का?

उत्तर : नाही. आइन्स्टाइन यांनी १९११मध्ये फक्त काळाचा परिणाम धरला होता, तेव्हा सूर्याच्या कडेवरून जाणारा प्रकाश ०.८३ विकला वाकेल असं निघालं होतं. (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग.) १९१५मध्ये अवकाशाची वक्रताही आली आणि आकडा सुमारे दुप्पट, १.७५ झाला. प्रकाशाच्या वेगानं धावणाऱ्याला अवकाशाची वक्रता काळाइतकीच जाणवते. चादरीतला खळगा म्हणजे हाच दुसरा अर्धा भाग.

२९ मे १९१९ला ब्राझीलमधल्या सोब्रालहून चार इंची भिंगानं १.९८ विकला मिळाले, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून ढगांतून डोकावलेल्या मोजक्या ताऱ्यांवरून १.६१. वाद आहे तो सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीबद्दल. तिनं निम्म्याच्या आसपासचा आकडा दिला आणि तो बाजूला ठेवला गेला. आमच्या मते ते योग्यच होतं. उन्हानं आरसा तापून फोकस हलला आणि ताऱ्यांचे ठिपके पसरट झाले. फोकस हलला की छायाचित्राच्या प्लेटवरचं प्रमाणच बदलतं. मग सगळे तारे मध्यापासून दूर किंवा जवळ सरकल्यासारखे दिसतात, आणि शोधायचा परिणामही नेमका तसाच दिसतो. १९७९मध्ये त्याच प्लेट्स यंत्रानं पुन्हा मोजल्या, तेव्हा आकडा १.५५च्या घरात आला, त्रुटीची मर्यादा बरीच मोठी असली तरी.

प्रश्न : विश्वस्थिरांक ही आइन्स्टाइनची चूक होती ना?

उत्तर : विश्वस्थिरांक म्हणजे आइन्स्टाइन यांनी आपल्या समीकरणांत घातलेलं एक जादा पद. पद चुकीचं नव्हतं, ते घालण्याचं कारण चुकलं. १९१७मध्ये विश्व स्थिर आहे असं धरून ते तोललेलं राहावं म्हणून त्यांनी हे पद घातलं. पण तो तोल टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा होता, जरा धक्का लागला की विश्व पसरणार किंवा कोसळणार. रशियन गणितज्ञ फ्रीडमन यांनी १९२२मध्येच त्या समीकरणांतून पसरणाऱ्या विश्वाची उत्तरं काढली होती, आणि १९२९मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी दीर्घिका अंतराच्या प्रमाणात दूर जात असल्याचं दाखवलं. पद गेलं. १९९८मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून) प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं कळलं आणि तेच पद परत आलं, आता विश्वातल्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा घेऊन.